अवेळची पालेभाजी

राजाच्या ताटाची नोंद इतिहासात होते. ताटातल्या भाजीची क्वचितच. म्हणूनच चीनच्या हान राजवंशाच्या अधिकृत इतिहासात आलेला भाजीचा एक उल्लेख गेली काही वर्षे माझ्या डोक्यातून जात नाही. हा ग्रंथ म्हणजे 'हानशू'. इसवी सनाच्या पहिल्या शतकात बान गू याने तो सिद्ध केला. लोकहितदक्ष अधिकाऱ्यांची चरित्रे सांगणारे एक प्रकरण त्यात आहे आणि त्यांतला एक अधिकारी आहे शाओ शिन्छन. नानयांग प्रांतात असताना त्याने कालवे खणले, पाण्याचे दरवाजे बांधले, पाणीवाटपाचे नियम करून दिले. लोक त्याला प्रेमाने 'शाओबाबा' म्हणत. पुढे इसवी सनपूर्व 33 च्या सुमारास तो राजधानीत आला. सम्राटाच्या खासगी खर्चाचा कारभार त्याच्याकडे होता.

राजवाड्याच्या मुदपाकखान्याच्या बागेत भर हिवाळ्यात कांद्याची पात, लसणी चवीची पात आणि इतर पालेभाज्या पिकत असल्याचे त्याला आढळले. वाफ्यांवर छप्पर होते. आत रात्रंदिवस विस्तव धुमसत ठेवीत आणि त्या उबेवर भाजी वाढे. शाओने अर्ज केला. या अवेळच्या वस्तू आहेत, त्या माणसाला अपाय करतात, सम्राटाच्या सेवेत त्या असू नयेत, असे त्याचे म्हणणे होते. अर्ज मंजूर झाला, बाग बंद झाली आणि वर्षाला काही कोटी नाण्यांचा खर्च वाचला.

हरितगृहात पालेभाजी पिकवल्याचा इतका जुना आणि इतका स्पष्ट उल्लेख माझ्या वाचनात दुसरा नाही. गंमत अशी, की हा पहिला उल्लेखच ते हरितगृह बंद पाडल्याचा आहे. भाजी पिकवणाऱ्या माळ्यांचे नाव कुठेच नाही; नाव आहे ती बंद करणाऱ्याचे. तरीही त्या चार ओळींत तीन गोष्टी सापडतात. एक, तंत्र : छप्पर आणि ऊब. दोन, खर्च. तीन, नैतिक आक्षेप : अवेळचे ते अपायकारक. या तिन्हींचा पुढच्या दोन हजार वर्षांतला प्रवास कसा झाला, हे पाहण्यासाठी हा लेख आहे. मी इतिहासाचा पदवीधर नाही. नोकरी सांभाळून, मिळतील त्या ग्रंथालयांत, बहुतेक अनुवादांच्या आधारे हा मागोवा घेत आलो आहे. विद्यापीठात या विषयाला कोणत्या खात्यात जागा मिळाली असती, हाही प्रश्नच आहे. शेती, पाककला, राज्यकारभार आणि पदार्थविज्ञान या चार खोल्यांच्या मधल्या पडवीत तो पडून आहे.

राजांच्या ताटात

रोमचा उल्लेख हरितगृहाच्या प्रत्येक इतिहासात येतो, म्हणून तो थोडक्यात सांगतो. सम्राट टायबेरियस (इ.स. 14 ते 37) याला काकडीवर्गातले एक फळ रोज लागे. प्लिनी सांगतो, की त्याचे माळी चाकांवरचे वाफे उन्हात सरकवीत आणि थंडीच्या दिवसांत ते पारदर्शक दगडाच्या पातळ तावदानांखाली ठेवीत. काच तेव्हा होती, पण खिडकीसाठी अभ्रकासारख्या खनिजाचे पापुद्रे वापरण्याची रीत होती. पुढे नीरोच्या काळात तत्त्वज्ञ सेनेका याने हिवाळ्यात गरम पाण्याच्या उबेवर गुलाब फुलवणाऱ्यांची गणना निसर्गाविरुद्ध जगणाऱ्या माणसांत केली. शाओ शिन्छन आणि सेनेका यांच्यामध्ये अर्धे जग होते; दोघांचा आक्षेप मात्र एकच.

आपल्या विषयाच्या दृष्टीने जास्त मोलाचा पुरावा कोरियातला आहे. राजवैद्य जॉन सुन-ई याने 1450 च्या सुमारास 'सांगा योरोक' नावाचा पाकशास्त्र आणि शेतीविषयक ग्रंथ लिहिला. तो विस्मृतीत गेला होता. 2001 मध्ये त्याचे हस्तलिखित पुन्हा उजेडात आले. त्यात 'हिवाळ्यात भाजी जोपासणे' असे एक प्रकरणच आहे. त्यातली कृती अशी : योग्य आकाराची खोली बांधावी. तीन बाजूंना मातीच्या भिंती घालाव्यात. दक्षिण बाजूला पूर्ण खिडकी ठेवून तिला तेल लावलेला कागद चिकटवावा. जमिनीखाली धुराचे मार्ग काढावेत, म्हणजे चुलीतला गरम धूर त्यांतून फिरेल. कोरियात घरे ऊबदार ठेवण्याची ही जुनीच पद्धत. त्या तापलेल्या जमिनीवर सुमारे दीड फूट मातीचा थर घालून त्यात भाजी लावावी. आतली हवा कोरडी पडू नये म्हणून कढईत पाणी उकळून त्याची वाफ आत सोडावी.

या वर्णनात ऊब, उजेड आणि दमटपणा या तिन्हींचा विचार आहे. हानकाळच्या बागेत छप्पर आणि विस्तव होता. कोरियात प्रकाश आत घेणारी भिंत आली. जर्मनीत हायडेलबर्गला संत्र्याच्या झाडांसाठी बांधलेले तापवलेले घर, युरोपातल्या आद्य हरितगृहांपैकी एक म्हणून ज्याचे नाव घेतात, ते 1619 चे. म्हणजे कोरियन कागदी खिडकीनंतर सुमारे एकशेसत्तर वर्षांनी उभे राहिलेले. आणि ते होते संत्र्यांसाठी. कोरियन वैद्याला काळजी होती भाजीची.

याच कोरियात 1471 च्या हिवाळ्यात राजबागेच्या अधिकाऱ्यांनी अवेळी फुलवलेली अझेलियाची फुले राजा सॉन्गजोंगपुढे ठेवली. राजा तेव्हा अजून पोरसवदा होता. त्याने ती नाकारली. फुलाफळाने आपापल्या ऋतूत यावे. आता आलेले हे फूल माणसाने मुद्दाम आणलेले आहे, ते मला आवडत नाही, पुन्हा आणू नका, अशा आशयाचे त्याचे उत्तर राजवंशाच्या बखरीत नोंदलेले आहे. चांगला राजा किंवा चांगला अधिकारी ओळखण्याची जणू ही एक खूणच ठरून गेली होती : तो अवेळचे नाकारतो.

या नकाराकडे केवळ जुनाट समजूत म्हणून पाहू नये. ज्या काळात एका ताटातल्या पातीसाठी रात्रंदिवस सरपण जळे, त्या काळात 'हे निसर्गाविरुद्ध आहे' या वाक्याचा व्यवहारातला अर्थ 'हे प्रजेच्या लाकडावर चालले आहे' असा होता. नीतीच्या भाषेत सांगितलेला तो हिशेबच होता.

लीद आणि काच

विस्तवाला पर्याय सापडला तो घोड्याच्या तबेल्यात. वांग झेन याच्या 1313 च्या शेतीग्रंथात एक रीत सांगितली आहे. हिवाळ्यात लसणी पातीचे गड्डे जमिनीखालच्या घरात न्यायचे आणि त्यांना घोड्याच्या लिदीची भर द्यायची. लीद कुजताना तापते, त्या उबेत पात वाढते आणि उजेड न मिळाल्याने ती पिवळसर, कोवळी राहते. चिनी स्वयंपाकात ही पिवळी पात आजही मानाची आहे. लाकूड जाळायला नको, चूल राखायला नको. जे टाकून द्यायचे तेच कामाला येते.

ही युक्ती सर्वांत मोठ्या प्रमाणावर वापरली गेली ती एकोणिसाव्या शतकातल्या पॅरिसमध्ये. शहरात हजारो घोडे होते आणि त्यांची लीद रोज कुठेतरी न्यावी लागे. शहराच्या कडेकडेने भाजीमळेवाले राहत. फ्रेंच भाषेत त्यांना 'मारेशे' म्हणत. मोरो आणि दावेर्न या दोन मारेशांनी आपल्या धंद्याची माहिती देणारे एक पुस्तक लिहिले आणि ते 1845 मध्ये प्रसिद्ध झाले. माळ्यांच्या इतिहासात माळ्यांनी स्वतः लिहिलेली पुस्तके फार थोडी. त्यांतले हे एक. त्यात दिलेल्या माहितीप्रमाणे पॅरिसच्या परिघात सुमारे 1,800 मळेवाले होते आणि सर्वांची मिळून जमीन होती जेमतेम 1,400 हेक्टर. म्हणजे प्रत्येकी दोन एकरांच्या आतबाहेर.

त्यांची पद्धत अशी : ताजी आणि जुनी लीद मिसळून, तुडवून तिचा जाड थर घालायचा. त्यावर कुजून काळ्या झालेल्या खताचा थर. त्यात कोवळी रोपे. वर लाकडी चौकटीत बसवलेली काच, नाहीतर काचेची मोठी घंटा. तिला 'क्लोश' म्हणत. एका घंटेखाली मधोमध उंच वाढणारे एक लेट्यूस आणि कडेने बुटकी तीन-चार, असा हिशेब असे. बुटकी आधी निघत, तोवर उंच असलेल्याला जागा लागायची वेळ येई. दुपारी ऊन वाढले, की खाचा पाडलेल्या काठीच्या आधाराने घंटा एका बाजूने उचलून धरायची. संध्याकाळी खाली करायची. गारठा पडला, की वरून राय धान्याच्या काडाची चटई अंथरायची. अशा घंटा एकेका मळ्यात शेकड्यांनी असत आणि प्रत्येक घंटा हातानेच उचलायची.

दुसऱ्या एका मळ्याचा हिशेब रशियन विचारवंत क्रपॉटकिन याने आपल्या लेखनात दिला आहे. फ्रान्समध्ये तुरुंगवास भोगून आलेला हा अराज्यवादी मारेशांच्या कामाने भारावून गेला होता. पाँस नावाच्या मळेवाल्याच्या पावणेतीन एकरांत वर्षाला गाजरे, कांदे, कोबी, फ्लॉवर, टोमॅटो तर निघतच, शिवाय सॅलडचे 1,54,000 गड्डे निघत. सगळी मिळून अडीच लाख पौंड भाजी. क्रपॉटकिनने आणखी एक तपशील टिपला आहे. मळा सोडून जाताना आपण तयार केलेली माती ठरावीक खोलीपर्यंत खणून बरोबर नेण्याचा हक्क मारेशे करारात लिहून घेत. जमीन मालकाची, माती मात्र करणाऱ्याची. कुळकायद्याच्या महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाने या तपशिलावर थोडे थांबावे, असे मला वाटते.

क्रपॉटकिनला या मळ्यांत भुकेवरचा इलाज दिसला. पण मोरो-दावेर्न यांच्या पुस्तकात दुसरीही बाजू आहे. वर्षातले सात महिने मळेवाले दिवसाला अठरा ते वीस तास राबत आणि उरलेले पाच महिने चौदा ते सोळा तास, असे ते लिहितात. शेवटची घंटा झाकल्यावर रात्री माल भरायचा आणि पहाटेपूर्वी बाजारात पोचायचे. विक्री बहुधा घरच्या बाईकडे असे. हिवाळ्यातले लेट्यूस आता राजाच्या ताटातून मध्यमवर्गाच्या ताटात आले होते. सरपणाचा खर्च वाचला, पण त्याची भरपाई माणसांच्या झोपेतून होत होती.

1845 हे साल आणखी एका कारणाने लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये काचेवरचा उत्पादनकर रद्द झाला, काच स्वस्त झाली आणि काचघरांची लाट आली. 1851 चा क्रिस्टल पॅलेस हा त्या लाटेचा माथा. पॅरिसच्या मळ्यांना मात्र शहरानेच मागे रेटले. जमिनीचे भाव वाढले, मळे बोबिन्यी, क्रेतेय अशा उपनगरांकडे सरकले. दक्षिणेकडची लवकर येणारी भाजी रेल्वेने बाजारात उतरू लागली. आणि 1913 च्या जानेवारीत पॅरिसची शेवटची घोड्याची ऑम्निबस बंद झाली. मोटारीला लीद नसते. ज्या उबेवर हे सगळे उभे होते ती ऊबच शहरातून निघून गेली.

पाल्याला किती ऊब लागते?

इथे थोडे विज्ञान सांगणे भाग आहे, कारण त्याशिवाय पुढचा भाग उलगडणार नाही.

काचघर का तापते, याचे शाळेत शिकवलेले उत्तर असे : प्रकाश आत येतो, जमीन तापते, तिच्यातून निघणारी उष्णता काचेतून बाहेर जात नाही. अमेरिकी शास्त्रज्ञ आर. डब्ल्यू. वुड यांनी 1909 मध्ये दोन पेट्या घेतल्या. एकीला काच लावली. दुसरीला उष्णतेचे किरण सहज बाहेर जाऊ देणाऱ्या खनिज मिठाची पातळ वडी. दोन्ही जवळजवळ सारख्याच तापल्या. मुख्य काम होते ते गरम झालेली हवा कोंडून ठेवण्याचे. म्हणजे काच ही काही जादूची वस्तू नव्हे. उजेड आत घेईल आणि वारा बाहेर ठेवील असा कोणताही पडदा चालेल. मग तो तेलकट कागद असो की प्लास्टिक.

दुसरी गोष्ट पाल्याची. टोमॅटो, काकडी, मिरची यांना फुलायला आणि फळायला भरपूर ऊन व उबदार रात्री लागतात. पालक, लेट्यूस, कोथिंबीर यांचे आपण पानच खातो. फळापर्यंत पोचण्याची गरजच नाही. त्यांना कमी उजेड चालतो. पालकासारखे रोप हलके दव गोठले तरी सकाळी पुन्हा सावरते. अमेरिकेतल्या मेन राज्यातले शेतकरी-लेखक एलियट कोलमन यांनी 1974 मध्ये पॅरिसजवळचे शेवटचे जुने मळे पाहिले आणि पुढे आपल्या बर्फाळ प्रदेशात न तापवलेल्या प्लास्टिकच्या बोगद्यांत हिवाळाभर पाला काढून दाखवला. त्यांचा अनुभव असा, की अडचण थंडीची कमी आणि दिवसाच्या लांबीची जास्त. दिवस दहा तासांच्या खाली गेला, की वाढ जवळजवळ थांबते. म्हणून रोपे त्याआधीच पुरती वाढवून ठेवायची आणि हिवाळाभर काढत राहायचे.

हा दहा तासांचा हिशेब लक्षात ठेवू. डिसेंबरात पॅरिसचा सर्वांत लहान दिवस सव्वाआठ तासांचा असतो. लेहचा असतो दहा तासांना काही मिनिटेच कमी.

प्लास्टिकचा कागद

1948 मध्ये केंटकी विद्यापीठातले प्राध्यापक एमर्ट यांना काचघर हवे होते. काच परवडत नव्हती. त्यांनी लाकडी सांगाड्यावर सेल्युलोजचा पारदर्शक ताव ताणून बसवला. पुढे पॉलिथीन आले आणि जगभर पसरले. हरितगृहाच्या इतिहासातली खरी क्रांती कोणती, असे मला कोणी विचारले, तर मी क्रिस्टल पॅलेसकडे बोट दाखवणार नाही. या तावाकडे दाखवीन. त्यामुळे हरितगृह श्रीमंताच्या बागेतून गरिबाच्या परसात येण्याची शक्यता निर्माण झाली.

चीनमध्ये ती प्रत्यक्षात आली. उत्तर चीनमध्ये हिवाळ्याची भाजी म्हणजे साठवलेला चिनी कोबी, हे समीकरण 1980 च्या दशकापर्यंत होते. मग ल्याओनिंग प्रांतात आणि 1989 पासून शानडोंगमधल्या शोउग्वांग भागात शेतकऱ्यांनी तीन बाजूंना मातीच्या जाड भिंती आणि दक्षिणेला प्लास्टिक, अशी न तापवता चालणारी हरितगृहे बांधायला घेतली. शोउग्वांगच्या एका गावात सुरुवात सतरा कुटुंबांनी केली. दिवसा उत्तरेची भिंत ऊन पिते, रात्री ते हळूहळू सोडते. संध्याकाळी प्लास्टिकवर काडाची चटई अंथरतात. जॉन सुन-ईची तीन मातीच्या भिंतींची खोली आणि पॅरिसची चटई इथे एकत्र आली, असे म्हणता येईल. त्यांनी एकमेकांकडून घेतले असे मात्र मी म्हणणार नाही. दक्षिणेचा सूर्य आणि उत्तरेचा वारा यांच्याशी झुंजणाऱ्या माणसांना तोच आराखडा पुन्हा पुन्हा सुचावा, हे स्वाभाविक आहे.

लेहचा जानेवारी

लेह समुद्रसपाटीपासून सुमारे 3,500 मीटरांवर आहे. वर्षाचा पाऊस शंभर मिलिमीटरच्या आसपास. हिवाळ्यात पारा शून्याखाली वीस अंशांपर्यंत उतरतो. जोजिला घाट परंपरेने नोव्हेंबरात बंद होई तो मे महिन्यापर्यंत. या सहा महिन्यांत घरात जे असेल तेच खायचे : सातूचे पीठ, सुकवलेला पाला, सुकवलेले मांस, खड्ड्यात पुरून ठेवलेले बटाटे, मुळे आणि सलगम. आपल्याकडे पौषात भोगीच्या भाजीत काय काय घालावे असा प्रश्न असतो, हरभऱ्याचा पाला सुकवायला घातलेला असतो, मेथीच्या जुड्या उतरलेल्या असतात. तेव्हा लडाखमधल्या घरात हिरवे काही नसे.

1962 च्या युद्धाने या प्रदेशात मोठे सैन्य आणले आणि सैन्याला ताजी भाजी हवी होती. 1960 च्या दशकात लेहमध्ये लष्करासाठी शेतीसंशोधन सुरू झाले. तेच केंद्र आज डीआरडीओची 'डिफेन्स इन्स्टिट्यूट ऑफ हाय अल्टिट्यूड रिसर्च' म्हणून ओळखले जाते. तिथल्या कामातून लोकांपर्यंत पोचलेली सर्वांत साधी गोष्ट म्हणजे चर : जमिनीत सुमारे तीन फूट खोल खड्डा घ्यायचा, वर बल्ल्या टाकून प्लास्टिक अंथरायचे, रात्री त्यावर गोणपाट किंवा घोंगडी. आजूबाजूची जमीनच भिंतीचे काम करते.

1983 मध्ये स्थापन झालेल्या 'लडाख इकॉलॉजिकल डेव्हलपमेंट ग्रुप'ने सूर्याच्या उबेचा घरांसाठी आणि हरितगृहांसाठी उपयोग करण्याचे काम हाती घेतले. पुढे फ्रान्समधली 'जेरेस' ही संस्था स्थानिक संस्थांबरोबर आली आणि सुधारित हरितगृहांचा आराखडा पक्का झाला. या कामाला 2009 मध्ये ॲशडेन पुरस्कार मिळाला. आराखडा ऐकताना आपल्याला तो ओळखीचाच वाटेल. लांबी पूर्व-पश्चिम. उत्तर, पूर्व आणि पश्चिम बाजूंना मातीच्या विटांची दुहेरी भिंत, मधल्या पोकळीत गवत किंवा काड. उत्तरेकडून उतरते माती-गवताचे छप्पर. दक्षिणेला अतिनील किरणांना टिकणारे जाड पॉलिथीन. आतल्या भिंतींना काही ठिकाणी ऊब शोषण्यासाठी काळा रंग, काही ठिकाणी उजेड परतवण्यासाठी पांढरा. छपराला आणि भिंतीला झडपा. दुपारी उघडायच्या, संध्याकाळी बंद करायच्या. रात्री प्लास्टिकच्या आतून पडदा. चूल नाही, वीज नाही. बाहेर सगळे गोठलेले असताना आत पालक, कोथिंबीर, लेट्यूस उभे राहते.

या योजनेतली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट आराखड्यात नाही, वाटणीत आहे. विटा, लाकूड आणि मजुरी कुटुंबाची. प्लास्टिक आणि बाहेरून आणावे लागणारे थोडे सामान संस्थेचे. गवंडी आणि सुतार गावातलेच शिकवून तयार केलेले. हरितगृह चालवतात ते बहुतेक बायका. घरापुरते ठेवून उरलेला पाला त्या शेजारी देतात, बदल्यात दुसरे काही घेतात, नाहीतर लेहच्या बाजारात विकतात. पॅरिसमध्ये बाजार बाईकडे होता आणि मळा मालकाचा. इथे झडप उघडण्यापासून पैसे मोजण्यापर्यंतचे काम बरेचसे एकाच हातात आहे.

सगळे गोडच आहे असे नाही. प्लास्टिक काही वर्षांनी फाटते आणि थंड वाळवंटात फाटके प्लास्टिक कुजत नाही, उडत राहते. पॉलिथीन खालून, मैदानातून येते. म्हणजे घाट बंद असताना भाजी पिकवायची तर तिचे छप्पर घाट उघडा असताना आणून ठेवावे लागते. स्वावलंबनाला एक बारीक दोरी बाहेरची आहेच.

अवेळ कोणाची?

आता शाओ शिन्छनच्या तिसऱ्या मुद्द्याकडे. अवेळची भाजी खरेच अपाय करते का?

ही समजूत आपल्याकडेही आहे. चातुर्मासात श्रावणात शाक वर्ज्य मानणारी घरे अजून आहेत. पावसाळ्यातल्या पालेभाजीवरची किडे-चिखलाची घाण पाहता त्यात अनुभवाचा भाग मोठा आहे. हरितगृहातल्या हिवाळी पाल्याबाबतही एक नोंद आधुनिक विज्ञानात सापडते. उजेड कमी असला, की पान जमिनीतून उचललेले नायट्रेट पुरते वापरू शकत नाही आणि ते पानात साठते. म्हणून युरोपीय संघाने 2011 च्या नियमात लेट्यूसमधल्या नायट्रेटची मर्यादा ऋतू आणि छप्पर पाहून ठरवली. उन्हाळ्यात उघड्यावर पिकलेल्या किलोभर लेट्यूसला 3,000 मिलिग्रॅम, तर हिवाळ्यात आच्छादनाखालच्याला 5,000. नियमातच ऋतूची कबुली आहे. शाओचे म्हणणे शास्त्राने सिद्ध झाले असे यातून निघत नाही. पण ऋतूविरुद्ध पिकवलेल्या पानात ऋतूची खूण उरते, एवढे निघते. लडाखचे स्वच्छ ऊन इथे पॅरिसच्या ढगाळ हिवाळ्यापेक्षा नक्कीच उजवे.

खर्चाच्या मुद्द्यावर मात्र शाओ पुरता खरा ठरला आहे. अलीकडे बंद इमारतींत, मजल्यावर मजले चढवून, विजेच्या दिव्यांखाली पालेभाजी पिकवणाऱ्या कंपन्या निघाल्या. त्यांतल्या एरोफार्म्स या नावाजलेल्या अमेरिकी कंपनीने 2023 मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. रात्रंदिवस धुमसणारा विस्तव पुन्हा पेटवला, की वर्षाचे काही कोटी पुन्हा मोजावे लागतात. जे तंत्र उन्हावर किंवा लिदीवर चालले ते सामान्य माणसांपर्यंत गेले. जे सरपणावर किंवा विजेवर चालले ते श्रीमंताच्या ताटाभोवती घुटमळत राहिले. या विषयातून मला मिळालेला इतिहासाचा धडा एवढाच.

महाराष्ट्रात प्रश्न उलटा आहे. आपल्याला ऊब नको, सावली हवी. पॉलिहाऊस आपल्याकडे रुजले ते मुख्यतः तळेगाव-मावळच्या गुलाब-जरबेऱ्यासाठी. पालेभाजीला परवडणारी गोष्ट म्हणजे शेडनेट. मे महिन्यात कोथिंबिरीची जुडी कडाडते तेव्हा हिरव्या जाळीखाली निघालेली जुडीच बाजारात टिकाव धरते. तीही अवेळचीच, फक्त तिची अवेळ उन्हाळ्यात येते.

'ऋतूप्रमाणे खावे' हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलो आणि ते मला मान्यही आहे. पण बाराही महिने रानात, परसात, बाजारात काही ना काही हिरवे सापडणाऱ्या मुलखात ते तयार झाले आहे, याची जाणीव हे सगळे वाचताना झाली. पावसाळ्यात टाकळा, कुरडू, फोडशी. थंडीत मेथी, चाकवत, हरभरा. उन्हाळ्यात निदान राजगिरा आणि माठ. ज्याला प्रत्येक ऋतू काहीतरी देतो, त्याने ऋतू पाळावा हे सोपे आहे. ज्याचा ऋतू सहा महिने काहीच देत नाही, त्याला तोच उपदेश करणे म्हणजे उपाशी माणसाला एकादशीचे महत्त्व सांगणे. हान सम्राटाच्या ताटातली जानेवारीची पात ही चैन होती, कारण राज्याचे सरपण एका ताटासाठी जळत होते. लेहजवळच्या गावातल्या घरात तीच जानेवारीची पात चैन ठरत नाही, कारण तिच्यासाठी कोणाचेच सरपण जळत नाही आणि ती ज्या हाताने खुडली त्याच घरात शिजते.

शाओ शिन्छनला त्याच्या कालव्यांसाठी लोकांनी बाबा म्हटले आणि पातीची बाग बंद केल्याबद्दल इतिहासकाराने त्याला गौरवले. दोन्ही यथायोग्य होते. अवेळची भाजी पाहून विचारायचा प्रश्न त्याने बरोबर हेरला होता, असे मला वाटते : हिच्यासाठी काय जळते आहे आणि ती कोणाच्या पानात पडते? तो प्रश्न घेऊन आज तो लडाखच्या मातीच्या भिंतीआड वाकून शिरला असता, तर त्याला चूल शोधूनही सापडली नसती. सापडले असते ते उन्हाने तापलेल्या उत्तरेच्या भिंतीपाशी वाढलेले पालकाचे वाफे, आणि संध्याकाळ व्हायच्या आत झडपा लावून घेण्याच्या घाईत असलेली एक बाई.